तीन लाखांनी पाहिलं, डबा एकही वाढला नाही: नौपाड्यातल्या एका गिरणीचं प्रकरण

(गिरणीची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

नौपाड्यात गोखले रोडवरून आत वळलं की एका जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर ही गिरणी आहे. दोन दगडी चक्क्या, एक मिरची कांडप, भिंतीला लागून डब्यांची रांग, आणि प्रत्येक डब्यावर खडूने आडनाव आणि खाली ‘बारीक’ किंवा ‘जाड’. माझ्या आईचं दळण इथेच असायचं, म्हणून गिरणीवाल्यांना मी लहानपणापासून काकाच म्हणते. ठाण्यातल्या छोट्या दुकानदारांची सोशल मीडियाची कामं करणं हा माझा व्यवसाय. पण हे प्रकरण माझ्याकडे व्यवसाय म्हणून आलं नाही. पाडव्यानंतर एका संध्याकाळी काकांच्या सूनबाई मोबाईल घेऊन घरी आल्या. त्यांच्या मोबाईलच्या स्पीकरची जाळी पिठाने पार बुजली होती. मी जुन्या टूथब्रशने ती साफ करत होते आणि त्या सांगत होत्या.

डबे कमी झाले होते. रोजचे ऐंशीएक डबे यायचे ते पस्तीसवर आले होते. घरोघरी घरघंटी आली, पाकिटातलं पीठ आलं, हे कारण सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण काकांचं निदान वेगळं होतं. नौपाड्यातल्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जातायत. इमारत रिकामी झाली की वीस-पंचवीस कुटुंबं बिल्डरच्या भाड्यावर घोडबंदर रोडला किंवा कळव्याला जातात. तीन वर्षांत परत येऊ म्हणतात, त्याची पाच होतात, आणि तोवर सवय मोडलेली असते. काका बोटांवर इमारती मोजत म्हणाले, “ही पडली तेव्हा अकरा डबे गेले. ती पडली तेव्हा सात.”

सूनबाईंनी पाडव्याला गिरणीचं इन्स्टाग्राम खातं उघडलं होतं. त्यावर तोपर्यंत शुभेच्छाच होत्या: पाडव्याच्या, रामनवमीच्या, हनुमान जयंतीच्या. प्रत्येक चित्रावर गिरणीचं नाव, आणि खाली नऊ-दहा लाइक्स. त्यातले सात माहेरचे.

अडचण कुठे होती

मी सुचवलं की शुभेच्छा बंद करा आणि गिरणीत जे चालतं ते दाखवा. त्यातून निघालेली तिसरी की चौथी रील टाकी लावण्याची होती.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. दळून दळून चक्कीच्या दगडाच्या खाचा गुळगुळीत होतात, मग पीठ नीट पडत नाही आणि गरम येतं. तेव्हा वरचा दगड उचलून उलटा ठेवायचा आणि टाकी म्हणजे छिन्नी, ती आणि हातोडी घेऊन खाचा पुन्हा पाडायच्या. काका मांडी घालून बसतात, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि मधून काठाकडे तिरप्या रेषेत टक, टक, टक. हात एका लयीत चालतो. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण गिऱ्हाइकाला देत नाहीत, कारण त्यात कच येते. थोडं हलकं धान्य दळून टाकून द्यायचं, मग गहू.

या रीलला सूनबाईंना सिनेमातलं एक गाणं लावायचं होतं. ते मिळेना. आठवडाभर आधी मीच खातं बिझनेस प्रकारात बदलून घेतलं होतं, आणि तिथे बरीचशी लोकप्रिय गाणी दिसत नाहीत, कारण व्यावसायिक वापराचे हक्क वेगळे असतात. नाइलाजाने नुसता टाकीचा आवाज ठेवला.

नऊ दिवसांत ती रील तीन लाखांवर गेली. कोल्हापूर, सातारा, नाशिक, पुणे, खूप सारे आखातातले मराठी लोक. “आजोबांची आठवण आली.” “आमच्या गावच्या गिरणीचा आवाज.” फॉलोअर्स एकशे चाळीसवरून साडेसहा हजार झाले. घरात पेढे आले.

दहाव्या दिवशी काकांनी मला बोलावलं. “काय गं, तीन लाखांनी बघितलं म्हणतेस. डबे कुठायत?”

मी इनसाइट्स, म्हणजे इन्स्टाग्रामची आकडेवारी, उघडून शहरांची यादी पाहिली. ठाणं पाचव्या क्रमांकावर होतं, आणि तेही ठाण्यात कुठेही. गिरणीला लागतो तो माणूस डबा घेऊन चालत येणारा, फार तर स्कूटरवर पायाशी डबा ठेवून येणारा. त्या तीन लाखांत असे किती असतील? त्या महिन्यात गिरणीत नवीन आले ते दोन तरुण, आणि तेही दगडासोबत सेल्फी काढायला. एकाच्या काळ्या टी-शर्टला पीठ लागलं म्हणून तो नाराज होऊन गेला.

समोर असलेले पर्याय

गिरणी बंद केल्यावर रात्री साडेआठला आम्ही चौघं बसलो: काका, काकू, सूनबाई आणि मी. सूनबाईंचे यजमान नोकरी करतात. ते फोनवर होते आणि बहुतेक वेळ ‘हं’ म्हणत होते.

पहिला पर्याय लाटेवर स्वार होण्याचा. इनबॉक्समध्ये दोनशेच्या वर “कुरिअर करता का?” पडले होते. भाजणी, मेतकूट, थालीपिठाचं पीठ बाहेरगावी पाठवायचं.

दुसरा, एका फूड ब्लॉगरला बोलवायचं. त्याने स्वतःहून संपर्क केला होता. पैसे घेऊन व्हिडिओ करणार, पण त्यावर ‘जाहिरात’ असं लिहिणार नाही, कारण लिहिलं की लोक बघत नाहीत, असं त्याचं म्हणणं. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच पैसे घेतलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहावं असे नियम काढलेत. हे मी सांगितल्यावर काकूंनी विषय संपवला: “विकत घेतलेलं कौतुक लपवून कशाला दाखवायचं?”

तिसरा, जाहिरातीवर पैसे घालायचे. इन्स्टाग्रामवर पत्त्याभोवती काही किलोमीटरचं वर्तुळ आखून तेवढ्यांनाच जाहिरात दाखवता येते. रक्कम आपण ठरवायची, वर १८ टक्के जीएसटी.

चौथा पर्याय काकांचा. सगळं बंद करा आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा.

मी पहिल्या पर्यायाच्या बाजूने बोलले. हे इथे स्पष्ट लिहायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे. साडेसहा हजार माणसं समोर उभी असताना त्यांना काहीच विकायचं नाही, हे मला पटत नव्हतं. काकांचा पर्याय मी हसण्यावारी नेला.

पहिला निर्णय आणि त्याचं काय झालं

पाकिटबंद खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर, निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याची तारीख हे सगळं पाकिटावर लागतं. गिरणीची नोंदणी होती, लेबल नव्हतं. ते छापून घेतलं. पिशव्या आणल्या, सील करायचं छोटं मशीन आणलं. यात ज्येष्ठ गेला.

आषाढात पहिली चाळीस पार्सलं निघाली. पीठ ही कुरिअरने पाठवण्यासाठी फारच वाईट वस्तू आहे, हे आता कळतं. वजन भरपूर, किंमत कमी. भाजणीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे एकट्या कुरिअरचे. त्यात पाऊस. सहा पार्सलं फुटून किंवा भिजून पोचली. सातारच्या एका बाईंनी फोटो पाठवला, पिशवीच्या कोपऱ्यात पिठाचा ओला गोळा. काकूंनी सहाही जणांचे पैसे परत केले आणि एकालाही “कुरिअरवाल्याची चूक” म्हटलं नाही. उरलेल्या चौतीसांपैकी पुन्हा मागवणारे तीन निघाले.

या सगळ्या धावपळीत दुपारी गिरणीत माणूस नसायचा. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या ज्वारीवर गहू पडला. त्या घरात गव्हाचं पथ्य होतं. डबा परत आला आणि पुढच्या महिन्यात आलाच नाही. माझ्या लेखी या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच, आणि ते कुठल्याही इनसाइट्समध्ये दिसत नाही.

वही

श्रावण लागता लागता कुरिअर थांबवलं. मग काकांनी गल्ल्याखालून एक वही काढली. लाल बांधणीची, कोपरे मऊ पडलेली. उधारीची वही, पण त्यात उधारीपेक्षा माणसं जास्त: आडनाव, इमारत, फोन, आणि पुढे काकांच्या अक्षरात ‘घोडबंदर गेले’, ‘वाघबीळ’, ‘मुलाकडे, मानपाडा’. दहा वर्षांत सोडून गेलेल्यांची यादीच. दोनशे दहा नावं भरली.

मी आधी हसले होते तोच हा पर्याय.

आता ही माणसं व्हॉट्सअॅपवर आणायची कशी, हा पुढचा प्रश्न, आणि इथे दुसरी चूक झाली. सूनबाईंनी उत्साहात एका रात्री नव्वद नंबरांचा ग्रुप केला. सकाळपर्यंत तीसेक जण बाहेर पडले. एक निवृत्त शिक्षक फोनवर काकांना म्हणाले, “माझा नंबर तुम्ही दळणासाठी घेतला होता, नव्वद लोकांना दाखवायला नाही.” ते बरोबरच होते. काकांनी त्यांची माफी मागितली आणि सूनबाईंनी ग्रुप मोडला.

त्यानंतरची पद्धत संथ होती. व्हॉट्सअॅप बिझनेसचं अॅप फुकट आहे. त्यात ब्रॉडकास्ट यादी करता येते, एका यादीत २५६ जण, कोणालाही दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. अट एकच: ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच संदेश पोचतो. अनेक दुकानदार या अटीला वैतागतात. आमच्या दृष्टीने तीच चाळणी होती. काकांनी रोज दुपारी दोन ते तीन, गिरणी थंड असते तेव्हा, वहीतल्या पाच-सहा जणांना फोन केले. “कसे आहात? वहिनींचे गुडघे कसे आहेत? आम्ही शनिवारी तुमच्याकडे डबे न्यायला येऊ म्हणतोय. नंबर साठवा आणि ‘दळण’ एवढंच लिहून पाठवा.” सध्याच्या गिऱ्हाइकांच्या डब्यात हेच वाक्य छापलेली चिठ्ठी झाकणाला आतून चिकटवली. महिना-सव्वा महिन्यात एकशे तीस ‘दळण’ आले. एका आजींनी ‘दळण’च्या पुढे घरातल्या सगळ्यांची खुशाली लिहिली होती.

शनिवारची फेरी

घोडबंदर रोडला तीन थांबे ठरले, मानपाडा, वाघबीळ आणि कासारवडवली. गुरुवारी रात्री ब्रॉडकास्ट जायचा: कोणतं दळण, जाड की बारीक, गहू तुमचा की आमचा. हा शेवटचा प्रश्न काकूंचा, आणि तो फार कामाचा निघाला. टॉवरमधली बरीच घरं आता वर्षाचा गहू भरत नाहीत. त्यांना गिरणीतच गहू निवडून, दळून हवा होता. लोकवन, सिहोर आणि खपली असे तीन प्रकार ठेवले.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाचला निघालो. कापूरबावडीच्या पुढे मेट्रोचं काम, अवजड गाड्या, आणि रिक्षात आम्ही चौदा डब्यांसकट दीड तास. वाघबीळला पोचलो तेव्हा लोक जेवायला बसले होते. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी सात.

नकाशातली गल्ली

सगळ्यात कंटाळवाणं काम सगळ्यात शेवटी केलं. गूगल मॅप्सवर गिरणीची खूण शेजारच्या गल्लीत होती, गुरुवारी बंद असं लिहिलं होतं (गिरणी सोमवारी बंद असते), आणि फोटो एकच, तोही समोरच्या लाँड्रीचा. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर हक्क सांगायला गिरणीच्या दारापासून चक्कीपर्यंतचा व्हिडिओ पाठवावा लागला. वेळा, फोन, खरे फोटो घातले. चार दिवसांत झालं. हे चैत्रात का नाही केलं, याला माझ्याकडे उत्तर नाही. नकाशा दुरुस्त करण्यात कौतुक मिळत नाही, एवढंच कारण असावं.

चकली

इन्स्टाग्राम बंद केलं नाही, पण बोलणं बदललं. पहिल्या चौकटीत मोठ्या अक्षरात ‘नौपाडा, ठाणे’. विषय गिरणीच्या वेळापत्रकाचे: एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी चक्की पुसून आधी राजगिरा आणि वरई, गहू दुपारनंतर. उपास करणाऱ्याला ही माहिती खरंच लागते, कारण आधीच्या दळणाचं पीठ चक्कीत राहतंच.

आश्विनात चकलीच्या भाजणीवर वाद झाला. सूनबाईंना प्रमाण द्यायचं होतं, काकांना नव्हतं. “मग भाजणी कोण विकत घेईल?” मी म्हटलं, तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडीद डाळ एक, हे अर्ध्या ठाण्यातल्या वह्यांत लिहिलेलं आहे. मुगाची डाळ, पोहे, धणे, जिरे प्रत्येकाचं आपापलं. कसब भाजण्यात आहे. शेवटी प्रमाण दिलं आणि काकूंनी स्वतः कॅमेऱ्यासमोर दाखवलं: डाळ किती रंगावर उतरवायची, आणि भाजलेलं धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला का आणायचं नाही. खाली शंभरावर प्रतिक्रिया. सोलापूरकडच्या एकीचं म्हणणं उडीद जास्त, दुसरी म्हणे साबुदाणा हवाच, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच, चकली तेलात का विरते? काकूंनी पुढच्या रीलमध्ये उत्तर दिलं की बहुतेक वेळा मोहन जास्त झालेलं असतं. ही रील बावीस हजारांवर थांबली, पण या वेळी शहरांच्या यादीत ठाणं पहिलं होतं. दिवाळीआधीचे पाच दिवस रोज दोनशे रुपयांची जाहिरात याच रीलवर लावली, गिरणीभोवतीच्या वर्तुळात, आणि बटण थेट व्हॉट्सअॅपचं.

काकांची भीती थोडी खरी ठरली. तयार भाजणी अपेक्षेपेक्षा कमी गेली. पण लोक घरी भाजून दळायला घेऊन आले, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी रांग दारापर्यंत होती.

परिणाम

गणपतीपासून काकांनी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला “कुठून कळलं?” विचारून वहीत एक अक्षर लिहायला सुरुवात केली होती: ‘शे’ म्हणजे शेजारी, ‘गू’ गूगल, ‘व्हॉ’, ‘इं’. दिवाळीपर्यंत एकोणसाठ नवे डबे. शे सव्वीस, गू सतरा, इं नऊ, व्हॉ सात. ‘शे’मधल्या काहींना शेजारणीनेच रील दाखवली होती, म्हणून हे आकडे काटेकोर नाहीत. तरी तीन लाखांची रील आणि चार दिवसांत दुरुस्त केलेला नकाशा यांच्यात दुसऱ्याने जास्त डबे आणले, हे मला मान्य करावं लागतं.

रोजचे डबे पस्तीसवरून अट्ठेचाळीस. शनिवारच्या फेरीत सरासरी तीस. फॉलोअर्स साडेसहा हजारांवरून सहा हजार शंभर झाले, कारण टाकीचा आवाज ऐकायला आलेल्यांना एकादशीच्या वेळापत्रकात रस नव्हता. सूनबाईंना ते लागलं. काकांना कळलंही नाही.

पुन्हा करायचं झालं तर

नकाशा पहिल्या दिवशी. वही त्याच आठवड्यात. रील पसरली तेव्हा दोनशे जणांना “कुरिअर नाही, ठाण्यात असाल तर या” असं एका ओळीत उत्तर द्यायला हवं होतं. मी ते न करता मागणीच्या मागे धंदा ओढला. कुरिअर करायचंच होतं तर दहा पार्सलं, मेतकुटासारखी हलकी वस्तू, आणि पाऊस संपल्यावर.

टाकीची रील करायला नको होती, असं मात्र मी म्हणणार नाही. एक तर काका त्या दिवशी खूश होते. शिवाय त्या साडेसहा हजारांत वाघबीळचं एक कुटुंब होतं, पूर्वीचं आमच्याच गल्लीतलं. त्यांना गिरणी अजून चालू आहे हेच माहीत नव्हतं. शनिवारच्या वाघबीळच्या थांब्यावर पहिला डबा त्यांचाच असतो.

एक गोष्ट आम्ही अजून सोडवलेली नाही. सगळे संदेश सूनबाईंच्या फोनवर येतात, रात्री अकरालाही. अॅपमध्ये कामाच्या वेळेनंतर आपोआप उत्तर जायची सोय आहे. ती लावली, तर एका आजींनी “तू आहेस ना गं? हे कोण बोलतंय?” असं विचारलं, आणि सूनबाईंनी ती काढून टाकली. मुलीची दहावी आहे या वर्षी. जानेवारीनंतर फोन कोण बघणार, हे ठरलेलं नाही.

आणि कार्तिकात गिरणीच्या स्वतःच्या इमारतीची पुनर्विकासाची सभा झाली. तळमजल्याच्या गाळ्यांना नव्या इमारतीत जागा मिळणार, पण थ्री-फेज वीजजोडणी आणि दोन चक्क्यांचा आवाज वरचे रहिवासी चालवून घेतील का, यावर सभेत कोणी बोललं नाही. मधल्या काळात गिरणी कुठे लावायची? सूनबाईंचा कल घोडबंदरकडे, कारण शनिवारचे डबे तिथूनच येतात. काकांचा नौपाड्यातच दुसरा गाळा बघायचा विचार. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा त्यांनी वहीचं नवं पान काढलं होतं. उभी रेघ मारून डावीकडे नौपाडा, उजवीकडे घोडबंदर, आणि प्रत्येक डब्याचं आडनाव ते एकेका बाजूला लिहीत होते. निम्मं पान भरलं होतं. आमचं आडनाव कुठल्या बाजूला लिहू, असं त्यांनी मला विचारलं. आमचीही इमारत पुढच्या वर्षी रिकामी होणार आहे.